भ्रमणध्वनी मनोरे व प्रारण-सुरक्षा : कल्याण परिसर

भ्रमणध्वनी (मोबाइल) सेवेसाठी लोकवस्तीत उभारलेल्या प्रेषण-ग्रहण केंद्रांतून बाहेर पडणारे रेडिओ तरंग, त्यांचे तेथील रहिवाशांवर होणारे उद्‌भासन (तरंग शरीरावर पडणे) व त्यासंबंधीचे सुरक्षा-नियम हा या नोंदीचा विषय होय. अशा केंद्रास तांत्रिक परिभाषेत तल स्थानक व लोकव्यवहारात मोबाइल टॉवर म्हणतात. महाराष्ट्रातील या नियमनाचा इतिहास ठाणे जिल्ह्यातील कल्याण-डोंबिवली या जुळ्या शहरांच्या उदाहरणावरून विशेष स्पष्ट होतो. दूरसंचाराच्या दृष्टीने ही शहरे मुंबईत मोडतात, तर नगर-प्रशासनाच्या दृष्टीने ती मुंबईबाहेर व स्वतंत्र आहेत. तरंगांवर अधिकार केंद्र शासनाचा आणि मनोरा ज्या इमारतीवर उभा राहतो तिच्यावर अधिकार महानगरपालिकेचा, अशी विभागणी प्रारंभापासून झाली. परिणामी रहिवाशांचा प्रश्न एका कार्यालयात व त्याचे उत्तर देण्याचा अधिकार दुसऱ्या कार्यालयात, अशी स्थिती दीर्घकाळ राहिली.

तांत्रिक स्वरूप : भ्रमणध्वनी सेवेत शहराचे लहान लहान खंड (कोशिका) पाडतात व प्रत्येक खंडासाठी एक तल स्थानक योजतात. मनोऱ्यावरील उभट फळीसारखे दिसणारे आकाशक (अँटेना) सामान्यतः तीन दिशांना रोखलेले असतात व प्रत्येक दिशेचा आकाशक सु. १२० अंशांचा प्रदेश सांभाळतो. त्यातून निघणारी शक्ती सर्व बाजूंना सारखी पसरत नाही. दीपगृहाच्या झोताप्रमाणे ती क्षितिजाला जवळजवळ समांतर, किंचित खाली झुकलेल्या चपट्या झोतात एकवटलेली असते. यामुळे मनोऱ्याच्या थेट पायथ्याशी तरंगांची तीव्रता तुलनेने कमी, तर समोरच्या इमारतीच्या त्याच उंचीवरील मजल्यावर ती अधिक आढळते. मनोरा ज्यांच्या गच्चीवर असतो त्यांना भाडे मिळते आणि झोत मात्र समोरच्यांच्या खिडकीकडे जातो. पुढे झालेल्या अनेक नियमांत ही साधी भौमितिक गोष्ट पुरेशी लक्षात घेतली गेली नाही.

तीव्रता शक्ती घनतेत, म्हणजे दर चौ. मी. पृष्ठभागावर पडणाऱ्या वॉटमध्ये मोजतात व ती अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटते. उदा., २० वॉट शक्तीचा प्रेषक व झोताच्या दिशेने शक्ती सु. ५० पट एकवटणारा आकाशक घेतल्यास झोताच्या मध्यभागी १० मी. अंतरावर शक्ती घनता सु. ०·८ वॉट, २० मी. अंतरावर सु. ०·२ वॉट व ५० मी. अंतरावर सु. ०·०३ वॉट प्रती चौ. मी. येते. भिंत व काँक्रीट यांमुळे ती आणखी कमी होते. एकाच मनोऱ्यावर अनेक कंपन्यांचे आकाशक एकाच दिशेला रोखलेले असल्यास त्यांची बेरीज धरावी लागते.

या तरंगांचे क्ष-किरणांशी असलेले नाव-साधर्म्य (दोहोंना ‘प्रारण’ म्हणतात) लोकांच्या मनातील भीतीस बरेचसे कारणीभूत झाले. क्ष-किरण अणूतील इलेक्ट्रॉन बाहेर काढू शकतात, म्हणून ते आयनीकारक होत. ९०० मेगॅहर्ट्‌झ कंप्रतेच्या रेडिओ तरंगाच्या एका क्वांटमाची ऊर्जा मात्र एका इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या सु. पावणेतीन लाखाव्या भागाइतकीच असते, तर आयनीकरणासाठी सु. १० इलेक्ट्रॉन-व्होल्ट लागतात. रेडिओ तरंगांचा निःसंशय सिद्ध झालेला शारीरिक परिणाम म्हणजे ऊतकांचे तापणे, आणि सर्व आंतरराष्ट्रीय मर्यादा याच परिणामावर आधारलेल्या आहेत. तापण्याव्यतिरिक्त काही मंद, दीर्घकालीन परिणाम होतो काय, हा वादाचा खरा विषय आहे.

खुद्द भ्रमणध्वनी संचही प्रेषक असतो. ९०० मेगॅहर्ट्‌झवर चालणाऱ्या दुसऱ्या पिढीतील संचाची कमाल सरासरी शक्ती सु. पाव वॉट, म्हणजे मनोऱ्याच्या मानाने क्षुल्लक असली, तरी तो कानाशी धरला जात असल्याने डोक्यात शोषली जाणारी शक्ती बहुधा मनोऱ्यापासून येणाऱ्या शक्तीहून जास्त असते. शिवाय संच आपली शक्ती गरजेनुसार कमीजास्त करतो. तल स्थानक जवळ असेल, तर ती फार कमी होते व दूर असेल, तर वाढते. वस्तीतील मनोरा हटविल्यास तेथील फोनधारकांच्या डोक्यावरील उद्‌भासन वाढण्याचाच संभव असतो, ही गोष्ट या विषयावरील सार्वजनिक चर्चेत क्वचितच आली.

मर्यादांचा पूर्वेतिहास : दुसऱ्या महायुद्धात रडारचा प्रसार झाल्यावर त्याजवळ काम करणाऱ्या सैनिकांच्या सुरक्षिततेचा प्रश्न पुढे आला. हेर्मान श्वान या जीवभौतिकीविज्ञांनी १९५३ मध्ये अमेरिकेच्या नौदलाला शरीरातील उष्णतेच्या हिशेबावरून दर चौ. मी.स १०० वॉट ही मर्यादा सुचविली व १९६६ मध्ये ती अमेरिकेच्या राष्ट्रीय मानकात आली. सोव्हिएट रशियाने १९५८ मध्ये पूर्ण दिवसाच्या कामासाठी घातलेली मर्यादा ०·१ वॉट, म्हणजे तिच्या सहस्रांश होती. एकाने तापण्याचा पुरावा पाहिला, तर दुसऱ्याने कामगारांच्या थकवा, डोकेदुखी इ. तक्रारींनाही महत्त्व दिले. हाच मतभेद अर्ध्या शतकानंतर ठाणे जिल्ह्यातील गृहनिर्माण संस्थांच्या सभांतून ऐकू येऊ लागला.

१९९२ मध्ये स्थापन झालेल्या अनायनीकारक प्रारण संरक्षणविषयक आंतरराष्ट्रीय आयोगाने १९९८ मध्ये मार्गदर्शक मर्यादा प्रसिद्ध केल्या. प्राण्यांवरील प्रयोगांत शरीराच्या दर किग्रॅ. वजनामागे सु. ४ वॉट शक्ती शोषली गेल्यावर तापमानवाढीमुळे वर्तनात बदल दिसतो. त्याच्या दशांश मर्यादा कामगारांसाठी व पन्नासांश (०·०८ वॉट) सर्वसामान्य जनतेसाठी ठरविण्यात आली. तिचे शक्ती घनतेत रूपांतर केल्यास ९०० मेगॅहर्ट्‌झसाठी ४·५ वॉट, १८०० मेगॅहर्ट्‌झसाठी ९ वॉट व २००० मेगॅहर्ट्‌झच्या पुढे १० वॉट प्रती चौ. मी. हे आकडे येतात. इटलीने त्याच वर्षी निवासी जागांसाठी सु. ०·१ वॉटइतकी कडक पातळी ठरविली (ती २०२४ मध्ये शिथिल करण्यात आली). स्वित्झर्लंडनेही २००० पासून घरे, शाळा व रुग्णालये यांच्यासाठी खास मर्यादा घातल्या. कडक मर्यादा घालणाऱ्या देशांनी ही कृती सिद्ध अपायावर नव्हे, तर सावधगिरीच्या तत्त्वावर आधारली होती.

कल्याण परिसरातील प्रारंभ : भारतात भ्रमणध्वनीवरील पहिले संभाषण ३१ जुलै १९९५ रोजी कलकत्ता व दिल्ली यांच्या दरम्यान झाले. मुंबईसह चार महानगरांसाठीचे परवाने १९९४ अखेर देण्यात आले होते आणि मुंबईत दोन खाजगी कंपन्यांनी सेवा सुरू केली. परवान्यात मुंबई सेवाक्षेत्राची व्याख्या मुंबई, नवी मुंबई व कल्याण येथील दूरध्वनी यंत्रणांची स्थानिक क्षेत्रे अशी करण्यात आली होती. उरलेला महाराष्ट्र गोव्यासह वेगळ्या परिमंडलात गेला. या एका वाक्याने कल्याणचे दूरसंचारातील स्थान निश्चित झाले. रोज लोकलने मुंबईस जाणारा कल्याणकर आपल्या फोनच्या दृष्टीने गावाबाहेर पडतच नसे व त्याला परिभ्रमण आकार (रोमिंग) पडत नसे.

मे १८५४ मध्ये रेल्वे कल्याणपर्यंत आली आणि पुढे कसारा व कर्जत या दोन मार्गांचा फाटा येथेच झाल्याने ते मोठे प्रस्थानक बनले. कल्याण, डोंबिवली व आसपासची गावे मिळून १ ऑक्टोबर १९८३ रोजी महानगरपालिका स्थापन झाली. २०११ च्या जनगणनेनुसार तिची लोकसंख्या सु. १२ लाख ४७ हजार होती. यांपैकी फार मोठा वर्ग नोकरीसाठी मुंबई-ठाण्याकडे जाणारा असल्याने फोनची गरज येथे चैनीची नव्हती. प्रारंभी येणाऱ्या संभाषणासही पैसे पडत असत. मे २००३ पासून ते बंद झाले आणि ग्राहकसंख्या झपाट्याने वाढली. त्यापूर्वीच मुंबईत महानगर टेलिफोन निगम व आणखी खाजगी कंपन्या या क्षेत्रात आल्या होत्या. एका खंडात एका वेळी ठराविकच संभाषणे मावत असल्याने ग्राहक वाढले की खंड लहान करणे व मनोरे वाढविणे भागच पडते. २००८ मध्ये दिलेल्या नव्या परवान्यांमुळे कंपन्यांची संख्या आणखी वाढली (यांतील १२२ परवाने सर्वोच्च न्यायालयाने २ फेब्रुवारी २०१२ रोजी रद्द केले).

मोकळ्या जमिनीवर उंच मनोरा उभारण्यास कल्याण-डोंबिवलीत जागा नव्हती. तेव्हा कंपन्यांनी गच्च्यांकडे लक्ष वळविले. येथील बहुसंख्य जुन्या इमारती तळमजला व त्यावर तीन-चार मजले अशा, एकमेकींना अगदी लागून बांधलेल्या होत्या व त्यांच्या गृहनिर्माण संस्थांचे उत्पन्न सभासदांच्या वर्गणीपुरते मर्यादित होते. गळकी गच्ची, पाण्याची टाकी, रंगकाम यांसाठी दरमहा मिळणारे मनोऱ्याचे भाडे हा अशा संस्थांना मोठा आधार वाटला. वरच्या मजल्यावरील सभासदांचा विरोध व खालच्या सभासदांचा होकार हे चित्र नेहमीचे झाले. पुढे खडकपाडा, गांधारी इ. भागांत उंच संकुले उभी राहू लागली तेव्हा आणखी एक अडचण दिसून आली. मनोरा आधीचा व समोरची इमारत नंतरची असल्यास आकाशकाच्या उंचीवर घरे येतात आणि मूळ परवानगीच्या वेळी अस्तित्वात नसलेला माणूस झोतात सापडतो.

केंद्रीय नियम : भारताने आंतरराष्ट्रीय आयोगाच्या मर्यादा २००८ मध्ये स्वीकारल्या. दूरसंचार विभागाने नोव्हेंबर २००८ मध्ये परवान्यांत तशी अट घातली. तल स्थानक मर्यादेत असल्याचे कंपनीने स्वतःच प्रमाणित करावयाचे व विभागाच्या पथकाने त्यांपैकी काही स्थानकांची नमुना-तपासणी करावयाची, अशी पद्धत ठरली. कंपनीच्याच प्रमाणपत्रावर विसंबणे हे या पद्धतीतील मर्मस्थान होते आणि टीकाही मुख्यतः त्यावरच झाली.

मुंबईत २०१० च्या सुमारास या प्रश्नाला जोराने तोंड फुटले. पवई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील विद्युत् अभियांत्रिकीचे प्राध्यापक गिरीश कुमार यांनी डिसेंबर २०१० मध्ये दूरसंचार विभागाला सविस्तर अहवाल सादर करून प्रचलित मर्यादा फार सैल असल्याचे प्रतिपादन केले. मलबार हिलवरील सह्याद्री अतिथिगृहाच्या गच्चीवरील आकाशकांविरुद्ध अभिनेत्री जुही चावला यांनी चालविलेल्या मोहिमेला वृत्तपत्रांतून मोठी प्रसिद्धी मिळाली. त्याच वर्षी नेमलेल्या आंतरमंत्रालयीन समितीने (अहवाल जानेवारी २०११) मर्यादा दशांशापर्यंत खाली आणण्याची शिफारस केली व ती १ सप्टेंबर २०१२ पासून अंमलात आली. त्यानुसार ९०० मेगॅहर्ट्‌झसाठी ०·४५ वॉट, १८०० मेगॅहर्ट्‌झसाठी ०·९ वॉट व २००० मेगॅहर्ट्‌झच्या पुढे १ वॉट प्रती चौ. मी. अशी मर्यादा ठरली. संचासाठी शरीराच्या १ ग्रॅ. ऊतकात दर किग्रॅ.मागे १·६ वॉट शोषणाची मर्यादा त्याच दिवसापासून लागू झाली. मर्यादाभंगाबद्दल प्रत्येक स्थानकामागे ५ लाख रुपये दंड होता. २०१३ मध्ये तो १० लाख करण्यात आला.

‘दशांश’ हा आकडा कोणत्याही प्रयोगातून निघालेला नाही. तो सावधगिरीचा व काही अंशी लोकमताचा आकडा आहे, हे स्पष्टपणे सांगितले पाहिजे. त्याचा प्रत्यक्ष परिणाम मात्र झाला. वर दिलेल्या उदाहरणातील १० मी. अंतरावरची ०·८ वॉट ही तीव्रता जुन्या मर्यादेच्या कितीतरी आत होती. नव्या मर्यादेने ती बाहेर पडली व सुरक्षित अंतर सु. १३ मी. झाले. दूरसंचार विभागाने १ ऑगस्ट २०१३ पासून राज्यांसाठी ज्या सल्लावजा सूचना काढल्या त्यांत समोरच्या इमारतीपासून एका आकाशकासाठी २० मी., दोहोंसाठी ३५ मी., चारांसाठी ४५ मी. व सहांसाठी ५५ मी. अंतर सुचविले होते. हे अंतर आकाशकाच्या समोरच्या दिशेचे व त्याच उंचीचे होय. डोंबिवलीतील ज्या गल्ल्यांत दोन इमारतींच्या खिडक्यांत काही मीटरांचेच अंतर आहे, तेथे या तक्त्याचा अर्थ आकाशक गच्चीवरून आणखी उंच नेणे किंवा त्याचे तोंड फिरविणे एवढाच होऊ शकत होता.

स्थानिक संस्थांचे अधिकार : महानगरपालिकेला तरंगांवर कोणताही अधिकार नव्हता. तिच्या हाती महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ खालील बांधकाम-परवानगी आणि १९४९ च्या महानगरपालिका अधिनियमाखालील मालमत्ता कर ही दोन साधने होती. रहिवासी कर्करोगाची भीती घेऊन कल्याणच्या शंकरराव चौकातील पालिका कार्यालयात जात. तेथील अधिकारी इमारतीचा भोगवटा दाखला, संरचना अभियंत्याचे प्रमाणपत्र व कराची थकबाकी तपासत. प्रश्न तरंगांचा व उत्तर विटांचे, असा हा व्यवहार होता. मोजणीसाठी त्यांना दूरसंचार विभागाच्या मुंबई सेवाक्षेत्राच्या पथकाकडे जावे लागे.

विटांचे उत्तर अगदीच निरर्थक मात्र नव्हते. अग्यार समितीच्या चौकशीत १९८३–२००७ या काळात या महानगरपालिका-क्षेत्रात ६७ हजारांहून अधिक अनधिकृत बांधकामे झाल्याचे नमूद झाले. अशा इमारतीला भोगवटा दाखला नसल्याने तीवरील मनोराही रीतसर परवानगीस पात्र ठरत नाही. २८ जुलै २०१५ रोजी ठाकुर्ली येथील एक जुनी धोकादायक इमारत कोसळून ९ जण मृत्युमुखी पडले. त्या घटनेचा मनोऱ्याशी संबंध नव्हता. परंतु जीर्ण गच्चीवर काही टन पोलाद, विद्युत् घटांचे संच व जनित्र चढविणे म्हणजे काय, याची कल्पना तीवरून येते. जनित्राचा आवाज व धूर हाही रोजचा, मोजता येणारा उपद्रव होता. तरंगांच्या अदृश्य भीतीपुढे या दृश्य धोक्यांकडे तक्रारदारांचे व वृत्तपत्रांचे लक्ष कमी गेले, असे म्हणावे लागते.

मुंबई महानगरपालिकेने २०१३ मध्ये स्वीकारलेल्या धोरणात शाळा, रुग्णालये इत्यादींवर मनोऱ्यास मनाई, इमारतीतील ७० टक्के रहिवाशांची व सर्वांत वरच्या मजल्यावरील सर्व रहिवाशांची संमती या अटी होत्या. वरच्या मजल्याला दिलेला नकाराधिकार लोकभावनेला धरून होता. तथापि झोताची दिशा पाहता संमती विचारावयाची तर ती समोरच्या इमारतीला विचारावयास हवी होती. शेजाऱ्याला या व्यवहारात स्थानच नव्हते. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने २०१२ मध्ये पक्षी व मधमाश्या यांच्या संरक्षणार्थ अस्तित्वातील मनोऱ्यापासून १ किमी.च्या आत नवा मनोरा उभारू न देण्याची सूचना केली होती. दाट वस्तीच्या शहरात ती पाळणे अशक्यच होते. चिमण्या कमी झाल्याचा दोष या काळात सर्रास मनोऱ्यांना देण्यात आला. वस्तुतः घरट्यांच्या जागा व पिलांना लागणारे कीटक नाहीसे होणे ही कारणे त्याहून अधिक सबळ आहेत.

मालमत्ता करावरून कंपन्या व स्थानिक संस्था यांच्यात दीर्घकाळ वाद चालला. गुजरातमधील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १६ डिसेंबर २०१६ रोजी मनोरा ही करपात्र ‘इमारत’ ठरू शकते, असा निर्णय दिला. त्यामुळे थकित करासाठी मनोरे मोहोरबंद करण्याच्या महाराष्ट्रातील पालिकांच्या प्रथेस बळ मिळाले. मोहोरबंद मनोरा कर भरल्यावर पुन्हा सुरू होई. तक्रारदारांच्या दृष्टीने या कारवाईचा काहीच उपयोग नव्हता.

न्यायालये व शास्त्रीय पुरावा : राजस्थान उच्च न्यायालयाने २७ नोव्हेंबर २०१२ रोजी शाळा, रुग्णालये व तुरुंग यांच्यावरील मनोरे हटविण्याचा आदेश दिला. एप्रिल २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ग्वाल्हेर येथील एका कर्करोगग्रस्त घरकामगाराच्या अर्जावरून त्याच्या कामाच्या ठिकाणाशेजारचा मनोरा बंद करविला. या आदेशाचा अनेक वस्त्यांत आधार घेतला गेला. तथापि त्यात मनोऱ्यामुळे कर्करोग होतो असा शास्त्रीय निष्कर्ष नव्हता. अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या आदेशावरून नेमलेल्या तज्ञ-समितीने २०१४ मध्ये अपायाचा पुरेसा पुरावा नसल्याचे मत दिले होते. मुंबई उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सांगली जिल्ह्यातील चिकुर्डे ग्रामपंचायतीचा मनोऱ्याविरुद्धचा ठराव शास्त्रीय पुराव्याअभावी टिकू दिला नाही. पाचव्या पिढीच्या सेवेविरुद्ध जुही चावला यांनी केलेला दावा दिल्ली उच्च न्यायालयाने जून २०२१ मध्ये २० लाख रुपये खर्चासह फेटाळला (ही रक्कम नंतर २ लाखांवर आणण्यात आली).

आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने मे २०११ मध्ये रेडिओ तरंगांना ‘संभवतः कर्करोगकारक’ या (२ब) गटात घातले. या वर्गीकरणाचा आपल्याकडे फार विपर्यास झाला. त्याच गटात पुढे कोरफडीच्या संपूर्ण पानाच्या अर्काचाही समावेश झाला. पुरावा मर्यादित आहे, एवढाच त्याचा अर्थ असतो. धोका किती मोठा, हे त्यावरून कळत नाही. शिवाय त्यामागील पुरावा मुख्यतः कानाशी धरलेल्या संचाविषयीचा होता, मनोऱ्यांविषयीचा नव्हे. ब्रिटनमध्ये २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या, बालवयातील कर्करोगाच्या १,३९७ रुग्णांच्या अभ्यासात मातेच्या गर्भारपणातील तल स्थानकाच्या सान्निध्याशी संबंध आढळला नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय विषविज्ञान कार्यक्रमात (२०१८) फार तीव्र उद्‌भासन दिलेल्या नर उंदरांच्या हृदयात विशिष्ट अर्बुदे आढळली. माणसाला ते कितपत लागू पडते, याबद्दल मतभेद आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूचनेवरून २०२४ मध्ये ६३ अभ्यासांचा जो एकत्रित आढावा घेण्यात आला, त्यात भ्रमणध्वनीचा वापर व मेंदूचा कर्करोग यांचा संबंध दिसून आला नाही. कर्करोग हा सामान्य रोग असल्याने आणि मनोरे सर्वत्र असल्याने एकाच इमारतीत तीन-चार रुग्ण निघणे केवळ योगायोगानेही घडू शकते. मात्र ज्या घरात तो रुग्ण आहे त्या घराला हे सांगणे सोपे नसते, आणि त्याला मोजमापाचा आकडाही मिळत नसेल, तर संशय स्वाभाविक ठरतो.

ही उणीव काही प्रमाणात भरून काढण्यासाठी केंद्र शासनाने २ मे २०१७ रोजी ‘तरंग संचार’ हे संगणकीय संकेतस्थळ सुरू केले. नकाशावर आपल्या परिसरातील मनोरे व ते मर्यादेत असल्याची नोंद पाहण्याची सोय त्यात होती व ४,००० रुपये शुल्क भरून कोणत्याही नागरिकास आपल्या जागी मोजणी करून मागता येत असे. कल्याण-डोंबिवलीतील रहिवाशाला महानगरपालिकेच्या मध्यस्थीशिवाय तरंगांविषयीचे उत्तर थेट मिळण्याचा हा एक मार्ग होय. शुल्क मात्र सामान्य कुटुंबाला जड होते.

मार्गाधिकार व पाचवी पिढी : नोव्हेंबर २०१६ च्या भारतीय तार मार्गाधिकार नियमांनी मनोऱ्यांच्या परवानगीची पद्धत देशभर एकसारखी करण्याचा प्रयत्न केला. ऑगस्ट २०२२ च्या दुरुस्तीने खाजगी मालमत्तेवरील मनोऱ्यास स्थानिक प्राधिकरणाच्या परवानगीची गरज उरली नाही. संरचना अभियंत्याच्या प्रमाणपत्रासह आगाऊ लेखी कळविणे पुरेसे ठरले. दूरसंचार अधिनियम, २०२३ मध्ये मालमत्तेवर उभारलेली दूरसंचार-यंत्रणा ही कर, उपकर इत्यादींसाठी त्या मालमत्तेचा भाग मानली जाणार नाही, अशी तरतूद झाली व त्या अधिनियमाखालील नवे मार्गाधिकार नियम १ जानेवारी २०२५ पासून लागू झाले. अशा रीतीने महानगरपालिकेच्या हाती असलेली परवानगी व कर ही दोन्ही साधने क्रमाने दुबळी झाली. रहिवाशांची तक्रार ऐकून घेणारे सर्वांत जवळचे कार्यालय मात्र तेच राहिले.

१ ऑक्टोबर २०२२ रोजी देशात पाचव्या पिढीची सेवा सुरू झाली. तिच्यासाठी लिलावात दिलेल्या ३,३०० मेगॅहर्ट्‌झ व २६ गिगॅहर्ट्‌झ या उच्च कंप्रतांचे तरंग भिंतींतून कमी आरपार जातात व त्यांचा पल्ला आखूड असतो. यामुळे मोठ्या मनोऱ्यांबरोबर अल्पशक्तीची लहान स्थानके जागोजागी बसविणे आवश्यक ठरते. २०२२ च्या दुरुस्तीने रस्त्यावरील दिव्यांचे खांब व तत्सम साधने यांच्यावर ती बसविण्यास मुभा दिली आहे. अशा स्थानकाची शक्ती थोडी असली, तरी ते रस्त्यापासून काही मीटर उंचीवर, पहिल्या-दुसऱ्या मजल्याच्या खिडक्यांसमोर येते. गच्चीच्या भाड्याचा व गृहनिर्माण संस्थेच्या संमतीचा प्रश्न येथे उद्‌भवतच नाही.